घरचा संगणक, जगाचे गणित

चाळीसगावपासून काही मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे गाव आहे. तेथील देवीच्या देवळात शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ मधला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे कुलवृत्त त्यातून मिळते म्हणून इतिहासकारांना त्याचे महत्त्व. आमचे लक्ष मात्र त्यातील दानाच्या तपशिलाकडे जाते. तो भाग संस्कृतात नाही, त्या काळच्या मराठीत आहे. बाजारातल्या देवघेवीतून लहानसा वाटा, घाण्यामागे पळीभर तेल, अशा बारीकसारीक देण्यांवर गणिताचा हा मठ चालायचा होता.

पळीभर तेलाने तेल्याचे फारसे काही जात नाही आणि सगळ्या घाण्यांचे तेल एकत्र आले की मठाचे दिवे वर्षभर जळतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकांच्या बाबतीत हेच घडले आहे. घरातला संगणक रिकामा असेल तेव्हा त्याचा वेळ एखाद्या शास्त्रीय प्रकल्पाला द्यायचा, अशा लाखो घरांतून मिळणाऱ्या वेळातून महासंगणकाइतके काम उभे करायचे, याला ‘वाटून केलेली संगणना’ म्हणता येईल. पाटण्याचे तेल राजाच्या हुकमाने द्यावे लागे, हे दान मात्र स्वखुशीचे, एवढा फरक आहे. दुसराही एक फरक आहे. आपल्या तेलाची किंमत तेल्याला ठाऊक होती. संगणकाच्या रिकाम्या वेळाची किंमत मात्र देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कधी मोजलीच नाही. या कामासाठी कोणते स्वस्त यंत्र घ्यावे, असे जळगाव-धुळ्याकडचे शिक्षक आणि मोठ्या वर्गांतले विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर दर दहा वर्षांनी बदलत गेले. ते का बदलले हे पाहिले, तर आजचे उत्तर आपले आपल्यालाच काढता येते.

कामाची वाटणी संगणकाहून जुनी आहे. हॅलेचा धूमकेतू परत केव्हा येणार हे काढण्यासाठी १७५७-५८ मध्ये पॅरिसला क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत हे तिघे कित्येक महिने आकडेमोड करीत बसले होते. गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे धूमकेतूला होणारा उशीर त्यांनी हिशेबात धरला. उत्तर आले एप्रिल १७५९ चा मध्य. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १३ मार्चला. कागद आणि बोरू एवढ्याच सामग्रीवर महिन्याभराची चूक! पुढे १९२२ मध्ये इंग्लंडच्या लुइस रिचर्डसनने हवामानाच्या अंदाजासाठी ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसून गणिते करीत आहेत, अशी कल्पना मांडली.

रिचर्डसनच्या या सभागृहात एक अडचण आहे आणि आपल्या विषयाची मेख तीच आहे. हवामानाच्या गणितात धुळ्यावरच्या हवेचे पुढचे पाऊल काढायला नाशिक, नंदुरबार आणि जळगाव यांवरची हवा कळावी लागते. त्यामुळे प्रत्येक माणसाने शेजाऱ्याशी क्षणोक्षणी बोलले पाहिजे. असे काम घरोघरच्या संगणकांना वाटता येत नाही, कारण गणितापेक्षा बोलण्यातच वेळ जातो. त्यासाठी प्रोसेसर एकाच खोलीत, जलद तारांनी जोडलेले लागतात. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ बांधला, तेव्हा हीच वाट धरली. अमेरिकेचा महासंगणक हवा तसा मिळेना, म्हणून ट्रान्सप्यूटर नावाचे बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेतले. एका दांडग्या यंत्राऐवजी पुष्कळ लहान यंत्रे, हा विचार महाराष्ट्रात त्या वेळेपासून रुजलेला आहे.

पण काही कामे अशी असतात की त्यांच्या तुकड्यांना एकमेकांशी बोलावेच लागत नाही. वर्गात करून पाहण्याजोगे एक उदाहरण देतो. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या बहुतेकांना माहीत असते. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हे प्रत्येक संख्येसाठी तपासायचे तर १००० ते ९९९९ मध्ये अशा ८,९९१ संख्या आहेत. वर्गात ४७ मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १९१ संख्या येतात. एकाला दुसऱ्याची वही पाहण्याची गरज नाही. शेवटी फक्त ‘झाले’ किंवा ‘अडले’ एवढेच सांगायचे. घरोघर वाटता येणारी संगणना ती हीच.

आता थोडे थांबून विचार करू. अंकांचा क्रम आपण पहिल्याच पायरीला बदलून टाकतो. मग ३५२४ आणि ५२३४ वेगळे तपासण्यात काय अर्थ? अंकांचे वेगवेगळे संच तेवढे तपासले की झाले. असे संच ७१५ आणि त्यांतून चारही अंक सारखे असलेले १० वगळले की ७०५ उरतात. आता मुलामागे पंधराच गणिते आली. नवे यंत्र घेण्याआधी कागदावर केलेला असा विचार हीच सर्वांत स्वस्त सामग्री आहे, आणि पुढे सांगितलेल्या प्रत्येक प्रकल्पात तिचा वाटा यंत्रांपेक्षा कमी नाही.

असे सुटे काम संगणकांना वाटण्याची सुरुवात संख्याशास्त्राने केली. १९८८ मध्ये आर्येन लेन्स्ट्रा आणि मार्क मनासी यांनी शंभर अंकी संख्येचे अवयव पाडण्याचे काम ई-मेलने निरनिराळ्या खंडांतल्या संगणकांना वाटून पुरे केले. ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी १९७७ साली एक १२९ अंकी संख्या कोडे म्हणून दिली होती. एप्रिल १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या १,६०० यंत्रांनी आठ महिने खपून ती फोडली. त्या यंत्रांत १६ मेगाहर्ट्‌झचे साधे संगणक होते, क्रे महासंगणक होते आणि दोन फॅक्स यंत्रेसुद्धा होती! जे हाताशी आहे ते लावायचे, यंत्राची निवड वगैरे काही नाही, असा तो काळ होता.

जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा ‘गिम्प्स’ हा प्रकल्प सुरू केला. दोनचा कोणता तरी घात करून त्यातून एक वजा केल्यावर येणारी संख्या मूळ असेल, तर तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात जोएल आर्मेंगो या फ्रेंच तरुणाच्या यंत्राने ४,२०,९२१ अंकांची संख्या शोधली. यंत्र होते ९० मेगाहर्ट्‌झचे पेंटियम आणि तपासायला लागले ८८ तास. त्या काळी असे यंत्र चांगल्या घरांत, कचेऱ्यांत सहज दिसे.

१७ मे १९९९ रोजी ‘सेटी ॲट होम’ निघाला आणि ही कल्पना घरोघर पोचली. पोर्तो रिकोतील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओलहरींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा संदेश सापडतो का, हे पाहायचे होते. अरेसिबोहून एवढी माहिती पाठवण्याइतकी जलद तार तेव्हा नव्हती. म्हणून चुंबकीय फिती चक्क टपालाने बर्कलीला जात. तेथे त्यांचे सुमारे ०.३५ मेगाबाइटचे तुकडे करून घरोघरच्या संगणकांना पाठवीत. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर एवढा तुकडा उतरवायला दीड-दोन मिनिटे पुरत आणि त्यावर संगणक पुढचे दहा-पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त राबे. गणित खूप आणि बोलणे थोडे! ज्या गावात फोनची तार कुरकुरते, तिथूनही यात भाग घेता येत होता तो यामुळेच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला मोठ्या महानगरांत सुरू झाले. ते खानदेशात पोचून रुळायला अर्थातच वेळ लागला. पण पोचल्यावर पहिला अडथळा तारेचा नव्हता, विजेचा होता.

रिकामा वेळ खरोखर फुकट होता का?

या प्रश्नाचे उत्तर त्या काळापुरते ‘बऱ्याच अंशी होय’ असे आहे आणि त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. विंडोज ९५ चालवणारा संगणक काही काम नसले तरी स्वस्थ बसत नसे. ‘काही काम आहे का, काम आहे का’ असे विचारत त्याचा प्रोसेसर त्याच त्या आज्ञांभोवती पूर्ण वेगाने घिरट्या घाली. घाण्याचा बैल तीळ घातले काय, न घातले काय, चालतोच आहे, तसे. वीज दोन्ही वेळा जवळपास तेवढीच जाई. त्या फिरण्यातून तेल काढून घेतले तर तेल फुकटच म्हणायचे. उलट ‘सेटी’चा कार्यक्रम पडदारक्षक म्हणून चाले आणि रंगीत आलेख दाखवी. ते पाहत बसायला म्हणून लोक काचेच्या नळीचा जड मॉनिटर रात्रभर चालू ठेवीत. प्रोसेसरपेक्षा जास्त वीज तोच खाई. गणितापेक्षा गणिताचे चित्र महाग पडले!

पुढच्या काही वर्षांत हे पालटले. प्रोसेसर काम नसताना वेग उतरवून डुलकी घेऊ लागले. आजचा कचेरीतला लहान डेस्कटॉप संगणक रिकामा असताना दहा-पंधरा वॅटवर भागवतो आणि पूर्ण कामाला जुंपला की पन्नास-साठ वॅटवर जातो. मधला चाळीस-पंचेचाळीस वॅटचा फरक हे आपले खरे दान. ते फुकट राहिलेले नाही. ‘रिकामा वेळ वाया जातो, तो द्या’ हे १९९९ चे वाक्य आजही प्रचारात वापरले जाते. आमच्या मते ते आता सोडून द्यावे. देणगी द्यावी, पण देणगी म्हणूनच द्यावी.

सर्वांत मोठा धक्का बसला तो पेंटियम-४ च्या काळात. घड्याळाचा वेग वाढवत नेण्याच्या चढाओढीत २००४ च्या सुमारास एकटा प्रोसेसर १०० वॅटच्या आसपास पोचला. १०० वॅट म्हणजे डोळे दिपवणाऱ्या जुन्या दिव्याइतकी उष्णता, बोटभर लांबीच्या चकतीतून. बर्कलीच्या थंड हवेत हे निभते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेथे हिशेब वेगळा. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तिच्याहून अमुक इतके अंश वर एवढ्यावरच राखतो. तो फरक ४५ अंशांचा धरला तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर राहील आणि ४३ अंशांच्या खोलीत ८८ वर जाईल. आणखी थोडे तापले की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे वीज जाते आणि कामही होत नाही. कूलरसमोर ठेवावा म्हटले तर दमट हवा आणि तिच्याबरोबर येणारी धूळ पत्र्याच्या डब्यात जाऊन बसते.

त्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन आले. खेड्यांत तर दिवसाचे कित्येक तास वीज नसे. दहा तासांचे गणित नवव्या तासाला वीज जाऊन बुडाले तर कोण करील? सुदैवाने या प्रकल्पांनी त्याची तजवीज आधीच केली होती. गणित कुठवर आले याची नोंद कार्यक्रम दर थोड्या वेळाने डिस्कवर करून ठेवतो आणि वीज आल्यावर तेथून पुढे चालू लागतो. आपल्या पिठाच्या गिरणीत वीज गेली की दळण जिथे थांबले तिथूनच पुढे चालते, तसे. बर्कलीचे डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘बॉइंक’ या सामाईक व्यवस्थेत ही सोय आहे. शिवाय अमुक तासांतच चाल, प्रोसेसरचे निम्मेच गाभे वापर, लॅपटॉप बॅटरीवर असेल तर थांब, असेही तिला सांगता येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर मात्र असले काम कधी चालवू नये. आधी विजेने बॅटरी भरायची, मग बॅटरीतून पुन्हा वीज करायची, या दोन्ही पायऱ्यांत गळती आहे.

चूक करणारे यंत्र

स्वस्त यंत्राबद्दल बोलताना सगळे वेग आणि किंमत पाहतात. उत्तर बरोबर येते का, हे कोणी विचारत नाही. त्याची एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य सांगावी अशी आहे, कारण तिचा नायक शिक्षक आहे. अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३ अशा जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते काही साध्या ४८६ संगणकांवर करीत होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी त्यांत एक नवे पेंटियम जोडले. जूनमध्ये हिशेब जुळेना. त्यांनी आधी स्वतःचा कार्यक्रम तपासला, मग एकेक भाग बदलून पाहिला. संशय सगळ्यांत शेवटी प्रोसेसरवर आला, कारण प्रोसेसर भागाकार चुकवतो हे कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी आपला निष्कर्ष इतरांना कळवला आणि तो खरा ठरला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२... असे येते. ते पेंटियम १.३३३७३... असे देत होते. प्रोसेसरमधील भागाकाराच्या कोष्टकात काही नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. इंटेल कंपनीने अखेर सदोष प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले.

नाइसलींनी नवे यंत्र आणल्यावर जुनी ४८६ यंत्रे टाकून दिली असती, तर चूक सापडली नसती. त्यांच्याकडे तुलनेला दुसरे काही होते म्हणून सापडली. घरोघरच्या संगणनेतही हेच तत्त्व वापरतात. पुष्कळ प्रकल्पांत एकच तुकडा एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना पाठवतात आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारतात. तापलेले यंत्र, खराब झालेली रॅम, वेग वाढवण्यासाठी ताणलेला प्रोसेसर, क्वचित मुद्दाम केलेली लबाडी, हे सगळे त्यातून गाळले जाते. ‘गिम्प्स’ने तर २०२० पासून उत्तराबरोबर त्याचा थोडक्यात तपासता येणारा पुरावाही जोडायला सुरुवात केली, त्यामुळे सगळे काम दुसऱ्यांदा करण्याची गरज फारशी उरली नाही. सेकंडहँड यंत्र घेणाऱ्याला यातून एक फायदा आहे. ‘गिम्प्स’च्या कार्यक्रमात यंत्राला ताण देऊन पाहण्याची परीक्षा आहे. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे गणित तो यंत्राकडून करून घेतो. दुकानदाराच्या शब्दापेक्षा रात्रभर चालवलेली ही परीक्षा जास्त विश्वासाची. उन्हाळ्यात पास झालेले यंत्र बारमाही समजावे.

२००६-०७ पासून या क्षेत्रात वेगळीच यंत्रे शिरली. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’ने ग्राफिक्स कार्डे आणि पाठोपाठ प्लेस्टेशन-३ हे खेळाचे यंत्र कामाला लावले. खेळातले चित्र म्हणजे लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचे गणित जवळपास स्वतंत्र. त्यासाठी बनवलेले कार्ड सुट्या गणितांना आयतेच सोयीचे पडते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये करोनाविषाणूच्या प्रथिनांचे काम सुरू होताच लोकांची एवढी झुंबड उडाली, की प्रकल्पाची ताकद सेकंदाला १ वर १८ शून्ये इतक्या क्रियांच्या पलीकडे गेली. तोवर कोणताही महासंगणक तेथे पोचला नव्हता. काही दिवस तर उलटाच प्रकार झाला. राबायला यंत्रे तयार, पण वाटायला तुकडेच पुरेनात.

याच ग्राफिक्स कार्डांनी एक नवी विषमताही आणली आहे. २६ डिसेंबर २०१७ ला अमेरिकेतील जोनाथन पेस यांच्या यंत्राने २,३२,४९,४२५ अंकांची मर्सेन मूळ संख्या शोधली. ते चर्चच्या कामाचा साधा आय-५ संगणक होता, सहा दिवस चालला. पेस चौदा वर्षे शोधात होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी ४,१०,२४,३२० अंकांची मर्सेन मूळ संख्या शोधली, ती अनेक देशांतल्या विदाकेंद्रांमधील भाड्याच्या ग्राफिक्स प्रोसेसरांचा ताफा उभा करून. पराक्रम मोठाच, पण पहिल्या गोष्टीत धुळ्याच्या शाळेतल्या संगणकालाही आशा वाटावी असे काही होते, दुसरीत ते राहिले नाही. अर्थात शोध कोणाच्या यंत्राला लागतो हा नशिबाचा भाग. ‘या लाख संख्या मूळ नाहीत’ हे सांगणारी यंत्रे नसती, तर उरलेली एक सापडली नसती.

आमचा स्वतःचा ओढा ‘आइन्स्टाइन ॲट होम’कडे आहे. १९ फेब्रुवारी २००५ ला सुरू झालेला हा प्रकल्प लायगोच्या विदेत, म्हणजे नोंदलेल्या माहितीत, फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वलहरी शोधतो आणि रेडिओ व गॅमा किरणांतून स्पंदक शोधतो. कल्पनेने बनवलेले लहरींचे असंख्य नमुने एकेक करून विदेवर लावून पाहायचे, जुळतो का ते बघायचे. नमुन्यांचा हा संग्रह कसा निवडावा, याचा पायाभूत विचार पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, जोडताऱ्यांच्या लहरींच्या संदर्भात मांडला होता. २०१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या कोल्विन दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या डॅनियल गेबहार्ट यांच्या संगणकांनी अरेसिबोच्या विदेतून सेकंदाला ४१ फेऱ्या मारणारा स्पंदक शोधल्याचे जाहीर झाले. गुरुत्वलहरी मात्र या प्रकल्पाला अजून सापडलेल्या नाहीत. लायगोचे भारतीय केंद्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार असून एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ‘सेटी’चे वाटप ३१ मार्च २०२० ला थांबले आणि अरेसिबोची दुर्बीण त्याच वर्षी १ डिसेंबरला कोसळली.

हिशेब

आता जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर यंत्र पाहायला निघालेल्या वाचकासाठी. शेतकरी बैल घेताना किंमत विचारतो आणि मनात वैरणीचा हिशेब करतो. येथेही तसेच. १०० वॅटचे यंत्र अखंड चालले तर दिवसाला २.४, महिन्याला ७२ आणि वर्षाला ८७६ युनिट वीज जाते. दर बदलत असतात. हिशेबापुरते युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ८,७६० रुपये झाले. शिवाय घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो. हे ७२ युनिट वर पडले की घर वरच्या टप्प्यात जाते. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात एका युनिटमागे अर्धा किलोहून अधिक कोळसा जळतो, तेव्हा वर्षाला अर्ध्या टनाच्या आसपास कोळसा आपल्या नावावर पडतो. कोणी म्हणेल, छतावर सौर पॅनेल आहे, वीज घरचीच. पण जी वीज आपण वापरली नसती ती महावितरणच्या तारेवर गेली असती आणि बिलातून वजा झाली असती. शिवाय खानदेशात पॅनेल जोरात असते तेव्हाच यंत्रही तापलेले असते.

म्हणून भंगारच्या भावात मिळणारे पेंटियम-४ चे यंत्र घेऊ नये. आजच्या साध्या प्रोसेसरपेक्षा ते जास्त वीज खाते आणि काम कितीतरी कमी करते. घेताना ‘किती वेगाने’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘एका युनिटात किती काम’ हे विचारावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे कचेरीतले इंटेल संगणक अधिकृतपणे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, म्हणून ते बाजूला काढले जात आहेत. लिनक्स टाकले की ‘बॉइंक’ त्यांच्यावर उत्तम चालते. त्यांतल्या त्यात ३५ वॅटचा प्रोसेसर असलेला लहान डबा मिळाला तर पाहावा. ग्राफिक्स कार्ड एका युनिटात सर्वांत जास्त काम करते खरे, पण त्याची किंमत, मोठा वीजपुरवठा आणि उष्णता पाहता केवळ यासाठी ते घेणे आम्हाला पटत नाही. खेळासाठी घरात आधीच असेल तर गोष्ट वेगळी. फोनवरही २०१३ पासून ‘बॉइंक’ चालते, चार्जिंगला लावलेला असतानाच काम करते. मात्र मे महिन्यात उशाखाली ठेवलेल्या फोनवर ते चालवू नये.

शाळेच्या संगणक कक्षातली यंत्रे सुटीत रिकामी असतात, ती लावावी असे शिक्षकांच्या मनात येणारच. त्याआधी लेखी परवानगी घ्यावी. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या कर्मचाऱ्याने संस्थेच्या संगणकांवर असाच कार्यक्रम बसवला, तेव्हा वापरलेल्या तारेचे सेकंदाला ५९ सेंट असा हिशेब लावून त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला. जानेवारी २००२ मध्ये दंड आणि देखरेखीवर तडजोड होऊन तो मिटला. आणि शाळेत करायचेच, तर मेची सुटी टाळून दिवाळीची निवडावी. तेव्हा खानदेशातली रात्र थंड असते, पंखे हळू फिरतात. सुरू करण्याच्या आदल्या दिवशी मीटरवरचा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा आणि सुटी संपल्यावर वजाबाकी मुलांना करू द्यावी.